लेकर्सचा सगळ्यात मोठा खेळाडू कोण? वादात पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर आम्ही दर रविवारी सकाळी साडेसहाला बास्केटबॉल खेळतो. ऊन चढलं की बॉल पिशवीत जातो आणि सगळी मंडळी चहाला तलावपाळीवर येतात. तिथे मासुंदा तलावाच्या कठड्यावर गेली कित्येक वर्षं एकच वाद चालू आहे: एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधल्या लॉस एंजेलिस लेकर्स या संघाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण? नवीन मुलं दोन-तीन रविवार नुसती ऐकतात. मग एखाद्या दिवशी कोणीतरी धीर करून 'कोबे' म्हणतं, तीन बाजूंनी आकडे अंगावर येतात आणि पोर गप्प होतं. नववीतल्या एका मुलीचं मध्यंतरी असंच झालं. डाव्या हाताने सुरेख ले-अप मारणारी मुलगी, पण वादात तिला दुसरं वाक्य बोलायला मिळालं नाही. मला ते फार लागलं. हे लिहितोय ते तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या नव्या सगळ्यांसाठी.

ठाण्यात लेकर्सच का, हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. आमच्यातल्या बहुतेकांनी सामने पाहायला सुरुवात केली तेव्हा कोबे ब्रायंट आणि शकील ओनील खेळत होते, हे साधं कारण. दुसरं कारण मला जास्त आवडतं. लेकर्स म्हणजे तळ्यांवरचे. हा संघ १९४७ साली मिनियापोलिसमध्ये उभा राहिला आणि मिनेसोटा हे राज्य 'दहा हजार तळ्यांचा मुलूख' म्हणून ओळखलं जातं. १९६० मध्ये संघ लॉस एंजेलिसला गेला, तळी मागे राहिली, नाव मात्र तसंच राहिलं. तलावांच्या शहरात बसून या संघाबद्दल भांडायला आणखी काय कारण हवं?

पायरी पहिली: आधी प्रश्न बांधून घ्या

निम्मे वाद इथेच फसतात. 'लेकर्सचा सगळ्यात मोठा' म्हणजे काय? लेकर्सची जर्सी घातलेल्यांपैकी सगळ्यात भारी खेळाडू, की लेकर्ससाठी सगळ्यात जास्त केलेला खेळाडू? हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरंही बहुतेकदा वेगळी निघतात.

पटत नसेल तर आपल्या मुंबईच्या रणजी संघाकडे बघा. मुंबईच्या टोपीत खेळलेला सगळ्यात मोठा फलंदाज विचारला तर सचिन, सुनील अशी नावं येतील. पण मुंबईसाठी कोण किती झिजलं असं विचारलं, तर पद्माकर शिवलकरांचं नाव घ्यावंच लागतं. प्रथम श्रेणीत ५८९ बळी आणि भारताकडून एकही कसोटी नाही. १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षं मुंबईने रणजी जिंकली. त्यातल्या पुढच्या वर्षांचा हिशोब शिवलकरांशिवाय पुरा होत नाही. देशाच्या यादीत जो माणूस दिसत नाही, तो संघाच्या यादीत वरच्या ओळीत बसू शकतो.

म्हणून नाव घेण्याआधी आपली कसोटी सांगा. 'मी संघासाठी कोणी काय केलं ते बघतोय' एवढं एक वाक्य पुरतं. समोरचा दुसरी कसोटी लावत असेल तर ते पहिल्याच मिनिटाला कळतं आणि तासभर उगाच आवाज चढत नाहीत.

पायरी दुसरी: जर्सी बदलली की हिशोब थांबवा

वसीम जाफरने विदर्भाकडून दोनदा रणजी जिंकली. त्या दोन ट्रॉफ्या आपण मुंबईच्या खात्यात लिहीत नाही. इथेही तसंच.

करीम अब्दुल-जब्बारच्या नावावर सहा एमव्हीपी, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचे मान, आहेत. मी स्वतः एकदा याच सहाच्या जोरावर भांडलो होतो आणि एका मुलाने मला शांतपणे दुरुस्त केलं. त्यातल्या तीन (१९७१, १९७२, १९७४) मिलवॉकी बक्सच्या आहेत. लेकर्समध्ये तो १९७५ साली ट्रेड होऊन आला, १४ हंगाम खेळला, आणि लेकर्सच्या खात्यात येतात त्या १९७६, १९७७ आणि १९८० च्या तीन. तीनही कमी नाहीत, पण सहा म्हणणं चूक.

विल्ट चेंबरलेनचं तर आणखी स्पष्ट आहे. एका सामन्यात १०० गुण हा त्याचा १९६२ चा पराक्रम फिलाडेल्फिया वॉरियर्सकडून खेळतानाचा. लेकर्सकडे तो १९६८ ते १९७३ असे फक्त पाच हंगाम होता. १९७२ चं विजेतेपद आणि त्या फायनल्सचा, म्हणजे विजेतेपदाच्या शेवटच्या मालिकेचा, एमव्हीपी, हे त्याचं लेकर्समधलं खरं वजन. लेब्रॉन जेम्सच्या चारही एमव्हीपी क्लीव्हलँड आणि मायामीतल्या. लेकर्सकडे तो २०१८ मध्ये आला, २०२० चं विजेतेपद आणि फायनल्स एमव्हीपी मिळवला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत करीमचा कारकिर्दीतल्या ३८,३८७ गुणांचा विक्रम मोडला तेव्हा अंगावर लेकर्सचीच जर्सी होती. हा विक्रम कोणाच्या खात्यात धरायचा? बरेचसे गुण बाहेर केलेले, शेवटचं पाऊल मात्र इथलं. मी धरत नाही. आमच्यातले दोघे ठामपणे धरतात.

आणि याच्या बरोबर उलट टोकाला कोबे: २० हंगाम, ३३,६४३ गुण, पाच विजेतेपदं, सगळं एकाच संघात. या एका पायरीमुळे कोबेचं पारडं किती जड होतं ते बघा.

पायरी तिसरी: उमेदवार कुठून घ्यायचे

लेकर्सने ज्या खेळाडूंचे नंबर कायमचे बाजूला ठेवून त्यांच्या जर्सी छताला टांगल्या आहेत, तिथून सुरुवात करा. ३२ मॅजिक जॉन्सन, ३३ करीम, ४४ जेरी वेस्ट, २२ एल्गिन बेलर, १३ विल्ट, ३४ शॅक (म्हणजे शकील ओनील), ४२ जेम्स वर्दी, ८ आणि २४ दोन्ही कोबेचे. ९९ जॉर्ज मायकनचा, तो फार उशिरा, २०२२ मध्ये टांगला. ही आठ-दहा नावं पाठ असली की तुम्ही वादात बसू शकता. बाकीची हळूहळू येतील.

पायरी चौथी: रिंगा मोजा, पण नुसत्या रिंगांवर निकाल लावू नका

आपल्या कोर्टवर 'रिंग' म्हणजे बॉल जिच्यातून जातो ती लोखंडी रिंग. एनबीएच्या वादात 'रिंग' म्हणजे विजेत्या संघाच्या खेळाडूंना मिळणारी अंगठी, म्हणजेच विजेतेपद. नवीन मुलं इथे हमखास गोंधळतात.

आता लेकर्सच्या जर्सीतल्या रिंगा बघा. मॅजिक पाच, करीम पाच, कोबे पाच. डेरेक फिशर? पाच. मायकल कूपर? पाच. जेरी वेस्ट एक. एल्गिन बेलर शून्य. नुसत्या रिंगा मोजल्या तर फिशर मॅजिकच्या बरोबरीने बसतो आणि वेस्ट त्यांच्या खूप खाली जातो. फिशरबद्दल मला खूप माया आहे. २००४ मध्ये सॅन अँटोनियोविरुद्ध ०.४ सेकंद उरले असताना त्याने टाकलेला बॉल मी अजूनही लावून बघतो. पण तो मॅजिकच्या बरोबरीचा आहे असं फिशरसुद्धा म्हणणार नाही.

रिंग संघाची असते. त्या रिंगेत त्या माणसाचा वाटा किती, हे विचारा. २००० च्या फायनल्समध्ये शॅकची सरासरी ३८ गुणांची होती. २०००, २००१, २००२ तिन्ही वर्षी फायनल्सचा एमव्हीपी तोच. कोबेच्या पहिल्या तीन रिंगा शॅकच्या शेजारी उभं राहून आलेल्या, २००९ आणि २०१० च्या दोन त्याच्या स्वतःच्या नेतृत्वाखाली. असं फोडून सांगितलं की समोरचाही मान डोलावतो.

पायरी पाचवी: ज्याचा आकडाच नाही, त्याचा विचार करा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण जुन्या खेळाडूंवर सगळ्यात जास्त अन्याय इथेच होतो.

स्टील (समोरच्याकडून बॉल काढून घेणं) आणि ब्लॉक (फटका हवेत थोपवणं) एनबीएत १९७३-७४ पासून मोजायला लागले. विल्ट त्याच्या आदल्या हंगामानंतर थांबला. म्हणजे त्याने हवेत थोपवलेल्या हजारो फटक्यांपैकी अधिकृत नोंदीत एकही नाही. तीन गुणांची रेषा १९७९-८० मध्ये आली. जेरी वेस्टने लांबून टाकलेली प्रत्येक बास्केट दोनाचीच धरली गेली. फायनल्सचा एमव्हीपी १९६९ पासून द्यायला लागले. 'मायकनला फायनल्स एमव्हीपी एकही नाही' असं कोणी म्हणालं तर त्याला प्रेमाने सांगा, तेव्हा तो द्यायचेच नाहीत.

मायकनकडे नीट बघा. सहा फूट दहा इंच उंची, डोळ्यांना जाड चष्मा. बास्केटखाली त्याला अडवता येईना म्हणून १९५१ मध्ये रिंगेखालचा पट्टा सहा फुटांवरून बारा फूट केला. एका माणसासाठी कोर्टवरच्या रेषा बदलल्या. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन पिस्टन्सने त्याच्यासमोर बॉल नुसता धरून ठेवायचा डाव टाकला आणि सामना १९-१८ असा संपला. एनबीएच्या इतिहासात इतक्या कमी गुणांचा सामना दुसरा नाही. बॉल धरून बसता येऊ नये म्हणून २४ सेकंदांचं घड्याळ १९५४ मध्ये आलं.

आणि बेलर. १९५७-५८ मध्ये मिनियापोलिसचा हा संघ १९ सामने जिंकला आणि ५३ हरला. पुढच्या वर्षी बेलर आला आणि संघ थेट फायनल्समध्ये पोचला. १९६१-६२ मध्ये तो सैन्याच्या राखीव दलात कामावर होता. रजा मिळाली की विमान पकडून यायचा, खेळायचा, परत जायचा. असे ४८ सामने तो खेळला आणि त्यात सरासरी ३८.३ गुण. त्याच हंगामाच्या फायनल्समध्ये बोस्टनमध्ये एका सामन्यात ६१ गुण आणि २२ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले बॉल). फायनल्समधला तो ६१ गुणांचा विक्रम अजून मोडलेला नाही. तरी मालिका सातव्या सामन्यात, तीही जादा वेळेत, गेली. बेलरच्या काळात लेकर्स आठदा फायनल्सला पोचले आणि आठही हरले. त्यातल्या सात बिल रसेलच्या बोस्टनकडून, ज्या संघाने १३ वर्षांत ११ विजेतेपदं घेतली. १९७१ च्या नोव्हेंबरात गुडघ्यांनी साथ सोडली म्हणून बेलर थांबला. त्याच्या पुढच्याच सामन्यापासून लेकर्स सलग ३३ सामने जिंकले आणि त्या हंगामाचे विजेते झाले. हे वाचून ज्याच्या पोटात कालवाकालव होत नाही, त्याने अजून बेलरचा खेळ पाहिलेला नाही.

पायरी सहावी: एक सामना घ्या आणि तो दोन्ही बाजूंनी वाचा

१६ मे १९८०, फिलाडेल्फिया. फायनल्सचा सहावा सामना. लेकर्स ३-२ ने पुढे, पण करीमचा घोटा पाचव्या सामन्यात मुरगळलेला आणि तो घरी लॉस एंजेलिसमध्ये. मॅजिक तेव्हा २० वर्षांचा, पहिलाच हंगाम, मुळात पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा. तो सेंटरच्या, म्हणजे बास्केटखालच्या उंच खेळाडूच्या, जागी मधल्या वर्तुळात उडी मारायला उभा राहिला. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर ४२ गुण, १५ रिबाउंड, ७ असिस्ट (बास्केट करून देणारे पास). लेकर्स १२३-१०७ ने जिंकले आणि फायनल्स एमव्हीपी मॅजिक.

मॅजिकच्या बाजूने भांडणारा माणूस इथे थांबतो. तुम्ही थांबू नका. त्याच मालिकेच्या पहिल्या पाच सामन्यांत करीमची सरासरी ३३.४ गुणांची होती. ती नसती तर सहाव्या सामन्यात ३-२ ची आघाडीही नसती. शिवाय त्या रात्री जमाल विल्क्सने ३७ गुण केले, ते मॅजिकच्या ४२ मागे झाकले गेले. एकच सामना मॅजिकच्या बाजूने पुरावा आहे आणि करीमच्याही.

कोबेसाठी असाच सामना २०१० च्या फायनल्सचा सातवा. २४ पैकी फक्त ६ फटके आत गेले. विरोधक एवढंच सांगतात. पण त्याच सामन्यात त्याने १५ रिबाउंड काढले, आणि लेकर्स बोस्टनला ८३-७९ ने हरवू शकले. हात चालत नाही म्हटल्यावर त्याने दुसरं काम उचललं. माझ्या लेखी टोरंटोविरुद्ध त्याने एकाच सामन्यात केलेल्या ८१ गुणांपेक्षा ही रात्र मोठी.

सामने बघायचे कधी? लॉस एंजेलिसमध्ये संध्याकाळी साडेसातला सुरू होणारा सामना आपल्याकडे नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत सकाळी नऊला असतो, एरवी आठला. शाळा-ऑफिसच्या वेळा आड येतात, म्हणून रविवार धरा. जुने सामने मात्र रात्री जेवल्यावर बघा, आणि हायलाइट्स न बघता निदान एक चौथाई सलग बघा. बॉल हातात नसताना माणूस काय करतो, ते हायलाइट्समध्ये दिसत नाही.

पायरी सातवी: खुर्चीतलं काम वेगळं ठेवा

जेरी वेस्टने निवृत्तीनंतर व्यवस्थापक म्हणून १९९६ च्या एकाच उन्हाळ्यात शॅकला करारबद्ध केलं आणि व्लादे दिवाचच्या बदल्यात कोबेला आणलं. संघासाठी याहून मोठं काम कोणी केलं असेल असं मला वाटत नाही. पण खेळाडूंच्या वादात ते मोजू नका. मैदानावरचा वेस्ट एकटा पुरेसा आहे: १९६९ च्या सातव्या सामन्यात ४२ गुण, १३ रिबाउंड, १२ असिस्ट, दोन गुणांनी हार, आणि तरीही फायनल्सचा एमव्हीपी. हरलेल्या संघातून हा मान मिळालेला तो आजवरचा एकमेव खेळाडू.

पायरी आठवी: बोलायची रीत

आधी कसोटी, मग नाव, मग एक आकडा, मग एक सामना. या क्रमाने बोला आणि तीन मिनिटांत थांबा. समोरचा बोलताना मोबाइलमध्ये आकडा शोधू नका, त्याचं झाल्यावर शोधा.

मोठ्यांनाही एक सांगायचं आहे. 'तू तेव्हा जन्मलाही नव्हतास' हे वाक्य बंद करा. मायकनच्या वेळी कठड्यावरचं कोणीच जन्मलेलं नव्हतं, मलाही तो जुन्या फिल्ममधूनच माहीत आहे. आणि छोट्यांनो, जुन्या खेळाडूंना 'आजच्या काळात टिकला नसता' म्हणू नका. आजचे बूट, आजचा डॉक्टर आणि आजचं विमान त्याला द्या आणि मग बोला.

आपलं मत बदललं तर ते तिथेच सांगा. आमच्यातला एक जण तीन वर्षं शॅकला पहिला धरायचा. एका रविवारी म्हणाला, 'आठच हंगाम होते रे, मी मॅजिककडे चाललो.' त्या दिवसापासून त्याचं म्हणणं सगळे जास्त लक्ष देऊन ऐकतात.

पायरी नववी: यादी आणि संघ वेगळे लिहा

पहिले पाच महान खेळाडू आणि कोर्टवर उतरवायचे पाच, हे एक नाही. लेकर्सकडे मायकन, विल्ट, करीम, शॅक असे चार सेंटर होऊन गेले. चौघांना एकत्र उतरवलं तर बॉल पुढे आणणार कोण?

माझी यादी, संघासाठी कोणी काय केलं या कसोटीवर: मॅजिक, कोबे, करीम, वेस्ट, बेलर. मॅजिक पहिला, कारण १२ हंगामांत नऊदा त्याने संघ फायनल्सला नेला, आणि त्याच्याबरोबर खेळणारा प्रत्येक जण आहे त्यापेक्षा चांगला दिसला. माझा उतरवायचा संघ: मॅजिक, वेस्ट, कोबे, लेब्रॉन, करीम. बेलरला बाहेर बसवताना हात जड होतो. पण लेब्रॉनचं अंग आणि बचाव मला त्या जागी हवा आहे.

परवाच्या रविवारी ती नववीतली मुलगी वहीचं एक पान घेऊन आली. कठड्यावर टेकली आणि म्हणाली, "काका, मी आधी कसोटी सांगते. संघ बुडत असताना कोण उभं राहिलं."

"सांग ना," आमच्यातले वेस्टवाले काका म्हणाले.

"मग बेलर पहिला. १९ विजय, ५३ पराभव, आणि तो आल्यावर पुढच्याच वर्षी फायनल्स."

"रिंग किती?" कोणीतरी मागून विचारलं.

"शून्य," ती म्हणाली. वही मिटली नाही, आवाजही चढला नाही. "पण मी रिंगांवर यादी केलीच नाहीये. तुमची कसोटी वेगळी असेल तर ती सांगा, मी त्यावर दुसरी यादी करते."

काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "बरं. मग या यादीत माझ्या वेस्टला कुठे बसवतेस?"

तिने पान उलटलं. त्या दिवशी आम्ही साडेदहाला घरी गेलो.